‘कुठूनही काम’ म्हणजे नक्की कुठून?

पत्र असं आहे:

ताई, मी ३४ वर्षांची. बडोद्यात खारीवाव रोडला सासरी राहते. पुण्याच्या एका आयटी कंपनीत चार वर्षं पाच महिने झाले, काम सगळं घरून, पगार महिना सव्वातीन लाख. नवरा मकरपुऱ्याला कारखान्यात, मुलगी पहिलीत. २०२४ च्या ऑक्टोबरात स्पेनचे पंतप्रधान विमानांच्या कारखान्याच्या उद्घाटनाला इथे आले, तेव्हा रस्त्यावर गर्दीत आम्हीही उभे होतो. तेव्हापासून घरात स्पेनचं खूळ आहे. माझी फॅकल्टीतली मैत्रीण वॅलेन्सियाला असते. ती म्हणते, रिमोट काम करणाऱ्यांना तिकडे वेगळा व्हिसा मिळतो. एक वर्ष तिघांनी जावं असं मनात आहे. कंपनीच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय, ‘कर्मचारी सोयीच्या कुठल्याही ठिकाणाहून काम करू शकतात’. मग वेगळं विचारायची गरज आहे का? एक एजंट दोन लाख मागतोय. तो म्हणतो, कंपनीला कळवूच नका, त्यांचं पत्र मी करून देतो. ‘बेन, टेन्शन नै लेवानुं.’ मैत्रीण म्हणते टुरिस्ट व्हिसावर ये, पुढचं इथे आल्यावर बघू. सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त रोज पोळ्या लाटताना विचारतात, ‘मग, ठरलं का?’ काय करू?

*

आधी एजंटाचं बोलू, कारण तुझे दोन लाख अजून तुझ्याकडे आहेत. देऊ नकोस. ‘पत्र करून देतो’ याचा अर्थ, तुझ्या कंपनीच्या लेटरहेडवर तुझ्या एचआरची खोटी सही. स्पेनचा हा व्हिसा उभा असतो तो नेमका त्याच कागदावर. या बाईला आम्ही स्पेनमधून काम करायला परवानगी देतो, असं कंपनीने लिहून द्यायचं असतं. वकिलातीतून एक ईमेल पुण्याला गेला आणि एचआरमधली मुलगी ‘कुठलं पत्र?’ म्हणाली, की व्हिसाही गेला आणि नोकरीही. अर्जाखाली सही तुझी असते, एजंटाची नाही. पुढे कुठे फिरायला जायचं म्हटलं तरी बऱ्याच देशांच्या फॉर्मवर ‘पूर्वी व्हिसा नाकारला आहे का’ हा रकाना असतो, आणि तिथे तुला दर वेळी हो लिहावं लागेल.

आता ते धोरणातलं वाक्य. असली वाक्यं लिहिणाऱ्यांत मी पंचवीस वर्षं होते, म्हणून सांगते. आम्ही ‘कुठल्याही ठिकाणाहून’ लिहायचो तेव्हा डोळ्यांसमोर असायचं नाशिकचं माहेर किंवा कोकणातलं घर. वॅलेन्सिया कुणाच्या डोक्यात नसायचं. त्या धोरणाच्या शेवटी, बारीक अक्षरात, ‘भारताच्या हद्दीत’ किंवा ‘कर व कायदेविषयक मंजुरीच्या अधीन’ असं काहीतरी असतंच. ते शोध. नसलं तरी खूश होऊ नकोस. लिहायचं राहून गेलं म्हणजे परवानगी दिली असं होत नाही.

कंपन्या याला घाबरतात ते उगाच नाही. तू स्पेनमध्ये वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलीस की त्या देशाच्या लेखी तू तिथली करदाती. तिथे बसून काम करणारा कर्मचारी म्हणजे कंपनीचंच तिथलं दुकान, असा अर्थ परदेशी करखातं लावू शकतं, आणि कंपनीला त्याचीच भीती जास्त असते. शिवाय क्लायंटशी केलेल्या करारात ‘डेटा भारताबाहेरून हाताळायचा नाही’ अशी अट असू शकते. तुला ती माहीतही नसेल. व्हीपीएन लावून बडोद्यातच आहे असं भासवणारे लोक असतात. त्यांतले काही पकडले जातात आणि ‘गोपनीयतेचा भंग’ या कारणाखाली घरी बसतात. घरूनच काम करणाऱ्या माणसाला घरी बसवणं म्हणजे काय, ते तुला कळेल.

पण खरी गाठ याच्याही पुढे आहे. एजंट तिच्याबद्दल बोलणार नाही आणि मैत्रीण दुसऱ्या देशाच्या कंपनीत असेल तर तिला ती लागली नसेल. सामाजिक सुरक्षा, म्हणजे आपल्याकडचा पीएफ-पेन्शन हा प्रकार. स्पेनमध्ये राहून नोकरी करणाऱ्याचा हप्ता कुठे भरला जातोय हे तिथलं सरकार विचारतं. दोन देशांत करार असेल तर आपल्या देशाचं प्रमाणपत्र चालतं. आपल्याकडे ते ईपीएफओ, म्हणजे पीएफचं सरकारी खातं, देतं. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, पोर्तुगाल यांच्याशी चालू आहेत. स्पेन त्या यादीत नाही. मग उरतं काय? तुझ्या पुण्याच्या कंपनीने स्पेनच्या सामाजिक सुरक्षेत स्वतःची नोंदणी करायची आणि तुझ्यासाठी दर महिन्याला तिथे हप्ता भरायचा. एका कर्मचाऱ्याच्या हौसेसाठी पुण्यातली कुठली कंपनी हे करेल? मी त्या खुर्चीत असते तर नाही म्हटलं असतं, तेही चहा पाजून.

तू त्या कारखान्याचा विषय काढलास म्हणून त्याच भाषेत सांगते. तिकडचा एखादा इंजिनीअर विमानांच्या कामासाठी बडोद्याला येतो तेव्हा त्याला कंपनीने पाठवलेलं असतं, कागदांचं ओझं तिच्या डोक्यावर असतं. तू निघालीस स्वतःच्या मर्जीने, आणि कंपनीला मागून ओढत.

दुसरी वाट आहे, ती म्हणजे नोकरी सोडून त्याच कंपनीची कन्सल्टंट व्हायचं. हा व्हिसा स्वतंत्र काम करणाऱ्यांनाही मिळतो. तेव्हा हप्ता तू स्वतः तिथे भरतेस आणि कंपनी त्यातून सुटते. कामाचा संबंध किमान तीन महिन्यांचा हवा, कंपनी किमान वर्षभर चालू असलेली हवी, तुझ्याकडे पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव हवा. यातलं बहुतेक तुझ्याकडे आहे. तीन महिने मात्र कन्सल्टंट म्हणून नव्याने मोजतात की कसं, हे अर्जाआधी लेखी विचारून घे. त्यात एक मेख आहे. तू लिहिलंस ‘चार वर्षं पाच महिने’. आज राजीनामा दिलास तर ग्रॅच्युइटीवर पाणी. ती पाच वर्षं पुरी झाल्यावर मिळते. मूळ पगार सव्वा लाख जरी धरला तरी भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. सात महिन्यांसाठी एवढे पैसे सोडून जायला वॅलेन्सिया कुठे पळून जात नाही. आणि कन्सल्टंट झालीस की पीएफ, कंपनीचा मेडिक्लेम, भरपगारी रजा सगळं गेलं, ते धरून मानधन वाढवून माग. आहे त्याच आकड्याला ‘चालेल’ म्हणू नकोस. आपल्या मुली तिथेच मार खातात.

आता पैशाचं गणित. २०२३ च्या सुरुवातीपासून चालू असलेल्या या व्हिसाची अट अशी, की उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट हवं. २०२५ साली ते वेतन होतं १,१८४ युरो, वर्षाला १४ हप्ते. बाराने भागून दुप्पट केलं की महिना साधारण २,७६३ युरो येतात. हा आकडा दर वर्षी वर सरकतो, त्यामुळे अर्जाच्या महिन्यात ताजा बघून घे. युरो शंभर रुपयांचा धरला (हल्ली तो त्याच्या वरच असतो) तर पावणेतीन लाखांच्या पुढे. तू एकटी बसतेस, थोडी जागा ठेवून. पण जोडीदार आला की किमान वेतनाच्या आणखी ७५ टक्के आणि मुलामागे २५ टक्के. तिघांचे होतात महिना ४,१४४ युरो, म्हणजे सव्वाचार लाखांच्या घरात. तुझे सव्वातीन. नवऱ्याचा मकरपुऱ्यातला पगार यात धरू नकोस, तो तर तिकडे गेल्यावर थांबणार. म्हणजे तिघांनी एकदम जायचा बेत आजच्या पगारात बसतच नाही. हे एजंटाने सांगितलं होतं का? विचार त्याला.

पोर्तुगालला करार आहे, मग तिकडे जाऊ, असं मनात आलं असेल. तिथे उत्पन्न किमान वेतनाच्या चौपट लागतं. २०२५ च्या ८७० युरोंच्या हिशेबाने ३,४८० युरो, आणि तेही एकटीचे. तिथे तू थोडक्यात अडकतेस. एस्टोनियाने हा व्हिसा २०२० मध्येच काढला, तो ४,५०० युरो मागतो. जपानने २०२४ मध्ये काढला, पण त्यांच्या देशांच्या यादीत भारत नाही.

मैत्रिणीच्या ‘टुरिस्टवर ये’ला अगदीच मोडीत काढता येत नाही. स्पेनचा कायदा तिथे कायदेशीर हजर असलेल्या माणसाला आतूनही अर्ज करू देतो, आणि आतून मिळणारा परवाना तीन वर्षांपर्यंतचा असतो. बाहेरून वकिलातीतून गेलं तर व्हिसा एक वर्षापर्यंतचाच. पण ज्यांना टुरिस्ट व्हिसा लागत नाही त्यांना हे सोपं आहे. आपल्याला शेंगेनसाठी (म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसासाठी) आधी अर्ज करावा लागतो, आणि त्यात ‘फिरायला चालले, अमुक तारखेला परत येणार’ असं सही करून लिहावं लागतं. मनात मुक्काम आणि कागदावर सहल, हे मला पटत नाही. शिवाय टुरिस्ट म्हणून राहायला हातात १८० दिवसांतले ९०. तिथे बसल्यावर एक अपोस्टिल (आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) कमी पडलं तर काय, खारीवाव रोडवरून सासऱ्यांना पळवणार?

कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कुठल्याही देशाचं ठरलं तरी हे लागणारच, आणि हे आजपासून सुरू करता येतं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. डिग्री असो की लग्नाचा दाखला, आधी राज्य पातळीवर खातरजमा, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये, वर मंत्रालयाने नेमलेल्या संस्थेचा आकार. भाषांतर त्यानंतर करायचं, आधी नाही, कारण अपोस्टिलचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो. भाषांतर स्पेन सरकारने मान्य केलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. लोक उलट्या क्रमाने करतात आणि दोनदा पैसे मोजतात.

आता तुझी कपाटातली फाईल काढ आणि पलंगावर पसर. युनिव्हर्सिटीच्या डिग्रीवर बघ: माहेरचं आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर बघ: तुझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. बडोद्याच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण स्पेनमध्ये बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. तिला जन्मापासून दोन आडनावं असतात, एक बापाचं, एक आईचं, आणि तीच मरेपर्यंत. त्यांच्या फॉर्मवर ‘पहिलं आडनाव’, ‘दुसरं आडनाव’ असे रकाने असतात. तुझी डिग्री आणि तुझा पासपोर्ट त्यांना दोन वेगळ्या बायकांचे वाटतील. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे लग्नाचा दाखला. तो महानगर सेवासदनाचा, म्हणजे बडोद्याच्या महापालिकेचा असणार. गुजरातीतच असेल तर इंग्रजीतली प्रत मिळते का ते खंडेराव मार्केटच्या इमारतीत जाऊन विचार, कारण गुजरातीतून थेट स्पॅनिश करणारा मान्यताप्राप्त भाषांतरकार शोधणं हा एक वेगळाच धंदा होऊन बसेल. स्पेलिंगही बघ. डबल ए आहे की सिंगल, मध्ये एच आहे की नाही. मुलीच्या जन्मदाखल्यावर तुझं नाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं सापडलं तर मला नवल वाटणार नाही.

पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) मात्र सगळ्यात शेवटी काढ. पासपोर्ट सेवाच्या साइटवरून, ५०० रुपये. ते जुनं झालं की चालत नाही, आणि लोक उत्साहाच्या भरात नेमकं तेच आधी काढून बसतात. माझी फजिती सांगते. २०१६ मध्ये मुलाकडे लांब मुक्कामाला जायचं होतं. राहत होते मांजलपूरला, अर्जात पत्ता टाकला रावपुऱ्याचा जुना, कारण पासपोर्टवर तोच होता आणि मला वाटलं, जुळलेलं बरं. चौकशीला हवालदार गेला रावपुऱ्यात. खालच्या काकू प्रामाणिक बाई, त्यांनी सांगून टाकलं, ‘त्या तर केव्हाच गेल्या.’ कुठे गेल्या ते नाही सांगितलं. ‘गेल्या’ एवढंच. अहवाल उलटा गेला आणि माझे दोन महिने खर्ची पडले. काकूंचा काही दोष नव्हता, चुकीचा पत्ता मीच घातला होता. तेव्हा जिथे राहतेस तोच पत्ता दे. शेजाऱ्यांनाही सांगून ठेव.

कराचं मी तुला चार ओळींत सांगणार नाही. एवढंच, की आपल्याकडे १८२ दिवसांचा नियम आहे, तिकडे १८३ चा, आणि आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांचं जानेवारीला. म्हणून निघायची तारीख विमानाच्या तिकिटावरून ठरवू नये. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, मागावा लागतो. घरचा नेहमीचा सीए रिटर्न उत्तम भरत असेल, तरी या कामासाठी परदेशी उत्पन्न रोज हाताळणारा गाठ आणि त्याची फी दे. एजंटाच्या दोन लाखांपेक्षा ती नक्की कमी असेल. तू अनिवासी ठरलीस तर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं, तेही त्यालाच विचार.

एक गोष्ट तुझ्या पत्रात आली नाही, म्हणून विचारते. तुझा सकाळचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, किती वाजता असतो? दहाला असेल, तर हिवाळ्यात स्पेनमध्ये ते साडेपाच. पहाटेचे, बाहेर काळोख. उन्हाळ्यात साडेसहा. त्याचं एक सुखही आहे, इथली साडेसहाची सुट्टी तिकडे हिवाळ्यात दुपारी दोनला होते आणि पुढचा अख्खा दिवस मोकळा. पण पहिलीतल्या मुलीला उठवून डबा भरून शाळेत सोडायची वेळ ऐन तुझ्या मीटिंगांत पडते, म्हणजे ते काम नवऱ्याचं. त्याच्याशी हे बोललीस का? त्याला जोडीदार म्हणून तिकडे काम करायची मुभा असते, पण मकरपुऱ्याची नोकरी सोडून तिकडे काय करणार, हे त्याने ठरवायचंय. मुलीची मला कमी काळजी वाटते. वॅलेन्सियाच्या सरकारी शाळेत स्पॅनिशबरोबर वॅलेन्सियन भाषाही असते. पण घरी मराठी, ओट्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी असं रोज करणाऱ्या बडोद्याच्या पोरीला आणखी दोन म्हणजे काय! फक्त त्यांचं शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि आपलं जूनला, ते परत येताना नडेल.

वर्षभराचाच हट्ट नसेल तर एक लहान बेत सुचवते. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ काढला. पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, जोडीदार आणि मूल सोबत नेता येतं. महिन्याच्या उत्पन्नाऐवजी बँकेत ५ लाख बाथ दाखवायचे असतात. रुपयांत तेरा-चौदा लाखांच्या आसपास पकड, आणि ते खर्चायचे नसतात, खात्यात दिसायला हवेत. घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे दहाचा स्टँडअप साडेअकराला. वर्षात १८० दिवस भरले की तिकडेही करदाती होशील, तेव्हा चार महिन्यांत परत ये. कंपनीची परवानगी इथेही लागेल, पण चार महिन्यांना हो म्हणणं एचआरला वर्षापेक्षा सोपं जातं. तिघांना परक्या गावात घर चालवता येतं का, भांडणं किती होतात, नेट कुठे तुटतं, हे सगळं तिथे स्वस्तात कळेल. ग्रॅच्युइटीचे सात महिनेही तोवर पुरे होत आलेले असतील.

तर या आठवड्यात एकच कर. मॅनेजरला नाही, एचआरला ईमेल लिही, मॅनेजरला प्रत ठेव. फोनवर नको. फोनवर ‘हो हो, बघू’ मिळतं, आणि त्याला कागदाची किंमत नसते. लिही: ‘मला अमुक ते अमुक या काळात भारताबाहेरून काम करण्याची परवानगी मागायची आहे. कंपनीच्या धोरणात हे बसतं का? बसत असल्यास कुठल्या देशांत, जास्तीत जास्त किती दिवस? क्लायंटच्या करारात काही अडचण आहे का? त्याऐवजी सल्लागार म्हणून करार करण्याचा पर्याय आहे का, आणि असल्यास कधीपासून?’ स्पेनचं नाव पहिल्या ओळीत टाकू नकोस. आधी त्यांना नियम सांगू दे. आणि शेवटचा प्रश्न ग्रॅच्युइटीची तारीख डोक्यात ठेवूनच विचार. ‘कधीपासून’ला पुढच्या महिन्याचं उत्तर आलं तर घाईने हो म्हणू नकोस.

सासूबाई बोलत नाहीत असं तू लिहिलंस. रोज पोळ्या लाटताना विचारतात ते बोलणंच आहे ग. त्यांना आकडा सांग, ४,१४४ चा, आणि तुझ्या पगाराचा. बेत फिसकटला तर त्यांना आनंद होईल असं धरून चालू नकोस. कदाचित त्या विचारतील की तुम्ही दोघं जा, पोरगी इथे राहू दे का. त्याला काय उत्तर द्यायचं ते मेल पाठवायच्या आधी नवऱ्याशी बोलून ठेव.

एचआरचं उत्तर आलं की कळव. आकड्यांसकट.